पाण्याशिवाय पळायची खोली

माझ्यावर ज्यांचे सगळ्यात जास्त उपकार आहेत त्यांचं नाव शिवलिंगअप्पा. आमच्या गावात त्यांचं किराणा दुकान आहे, ते गावच्या दूध संस्थेचे चेअरमन आहेत, आणि कुणी नेमलेलं नसताना, पगार न घेता, त्यांनी वीस-बावीस वर्षं गावातल्या पोरांना पळायला शिकवलं. माझ्या पायातले पहिले बूट त्यांनी आणले. माझे आईवडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे. अप्पांनी वडिलांना संस्थेत दूध मोजायला ठेवलं, तेव्हा त्यांच्या हातातला कोयता सुटला आणि माझी शाळा टिकली. पाटोद्याच्या कॉलेजातून मी बी.ए. झालो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं.

माझ्या दोन्ही किडन्या बंद पडल्या, त्यालाही अप्पाच कारण झाले. ते मी एक वेळ सोडून दिलं असतं. त्यानंतर ते जे बोलले ते मी सोडलेलं नाही.

हे मी लांब पल्ल्याचं पळणाऱ्या पोरापोरींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी लिहितो आहे. पण अप्पांनीही ते वाचावं, अशी इच्छा आहे. ती लपवून लिहायला बसलो असतो तर एक ओळसुद्धा जमली नसती.

खोली

त्या साली सलग दुसरा पावसाळा कोरडा गेला होता. गावातली जनावरं छावणीला गेली, दूध बंद झालं, संस्थेला कुलूप लागलं. संस्थेची दूध घ्यायची खोली आमच्याच घराला लागून होती. बारा बाय चौदा, वर पत्रा, खाली कॅन धुवायला उताराची फरशी, पश्चिमेला एक खिडकी. कोपऱ्यात कॅन तोलायचा मोठा वजनकाटा.

उन्हाळ्यात सकाळी दहानंतर बाहेर पळता येत नव्हतं. मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर दिवसभर टँकरची रांग. मी अप्पांना म्हणालो की ही खोली आपण सरावाला घेऊ. अप्पा खूश झाले. बीडमध्ये एक जिम बंद पडली होती, तिथून जुनी ट्रेडमिल आणली. एका जुन्या सायकलीचं मागचं चाक लोखंडी घोडीवर उचलून बसवलं. दुधाच्या कॅनमध्ये वाळू भरून वजनं केली. हे सगळं मी हौसेनं केलं, ते सांगितलं पाहिजे.

खिडकी बुजवायची कल्पना अप्पांची. पोत्याची तरटं कोंबून वरून माती लिंपली. उकाड्यात पळायची सवय झाली की शहरातली पोरं आपल्यापुढे टिकणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. आणि पाणी नाही. त्या पोरांना दर मैलाला बाटली लागते, आपण दुष्काळी माणसं, आपलं शरीर पाणी मागत नाही, हे त्यांनी मला सातवीपासून सांगितलं होतं आणि मी ते खरं मानलं होतं. घरीही तेच होतं. टँकर तीन दिवसांनी यायचा. जो कमी प्यायचा तो शहाणा.

सराव सुरू करताना प्रत्येकानं काट्यावर उभं राहायचं, संपल्यावर परत उभं राहायचं. ज्याचं वजन जास्त उतरलं त्याच्या पाठीवर अप्पांची थाप. आम्ही सातजण त्या थापेसाठी मरत होतो. दीड किलो, पावणेदोन किलो. उतरलं ते पाणी होतं, हे सातांपैकी एकालाही सुचलं नाही. मी तर पदवीधर होतो.

तो दिवस

ज्या शर्यतीसाठी हे सगळं चाललं होतं ती आठ दिवसांवर होती. दुपारी दोनचा सुमार. घाम जास्त निघावा म्हणून मी शर्टावर रेनकोट चढवला होता. पन्नास मिनिटं झाल्यावर घाम यायचा थांबला. मला वाटलं, शरीर तयार झालं. मग अंगावर काटा आला, चक्क थंडी वाजली, आणि मांड्या लाकडासारख्या झाल्या. पुढचं आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा फरशीवर होतो. माझी माय तांब्या घेऊन दारात उभी होती आणि अप्पा तिला आत येऊ देत नव्हते. एकदम पाणी दिलं तर पोटात गोळा येतो म्हणत होते. अर्ध्या तासानं मला काट्यावर उभं केलं. अडीच किलो. त्यांनी पाठीवर थाप मारली. त्या थापेनं मला आनंद झाला होता, हे लिहिताना आजही माझे कान तापतात.

संध्याकाळी लघवी बिनदुधाच्या चहासारखी झाली. मी अप्पांना दुकानात जाऊन सांगितलं. ते म्हणाले, उष्णता बाहेर पडते आहे, चांगलं लक्षण आहे. दुसऱ्या दिवशी लघवी थोडी झाली, तिसऱ्या दिवशी झालीच नाही. तोंड सुजलं. चौथ्या दिवशी भाऊंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला जीपमध्ये घालून बीडला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, आम्हाला बसूसुद्धा दिलं नाही, तसंच पुढे मोठ्या शहरात पाठवलं.

हे वाचणाऱ्यानं बाकी काही लक्षात ठेवलं नाही तरी चालेल. लघवी चहासारखी दिसली तर त्याच तासाला निघा. कुणाला विचारत बसू नका. मी विचारत बसलो.

पडद्यामागून

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी भाऊंना समजेल असं सांगितलं. फार उष्णतेनं आणि पाण्याअभावी याचे स्नायू आतून फुटलेत, तो चोथा किडनीच्या गाळणीत अडकलाय, आता काही दिवस मशीन रक्त धुईल. परत चालू होतील का, हे आत्ता सांगता येत नाही. मग त्यांनी विचारलं की यानं अंगदुखीच्या गोळ्या, इंजेक्शन असं काही घेतलं होतं का. तो त्यांचा नेहमीचा प्रश्न होता. मी नाही म्हणालो, कारण घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अप्पा आले. शहाळी आणली, माझ्या कपाळाला विभूती लावली. मी डोळे मिटून पडलो होतो. मग पडद्याच्या पलीकडे जाऊन ते भाऊंशी बोलले, आणि ते बोलणं मला शब्दन् शब्द पाठ आहे.

"उन्हानं कुणाची किडनी जाती का? आमी जन्मभर उन्हात हाव. पोरानं मेडिकलमधून कायतरी गोळी खाल्ली, जोर यायला. मला आधीच वास आलता. मी बोललो न्हाई, तुमचं पोरगं म्हणून."

भाऊ काही वेळानं आत आले. माझ्या पायाशी बसले, चादर सारखी केली.

"बालाजी, खरं सांग. काय खाल्लतं तू?"

मी म्हणालो, काही नाही. ते म्हणाले, अप्पा कावून खोटं बोलतील? ज्या माणसानं भाऊंच्या हातातला कोयता सोडवला तो खोटं बोलतो, हे मान्य करायचं तर भाऊंना आपलं अर्धं आयुष्य उलटं करून बघावं लागलं असतं. त्यांनी सोपं ते केलं. पोरगं खोटं बोलतं असं धरलं.

पुढच्या आठवड्यात ते गावी जाऊन आले. मायकडून मला कळलं की ते अप्पांच्या दुकानात गेले होते आणि गिऱ्हाइकांसमोर हात जोडून माझ्यावतीनं माफी मागून आले. भाऊंनी कधी ऊसतोडीच्या मुकादमापुढेसुद्धा हात जोडले नव्हते.

त्या दिवसापासून मला एकच गोष्ट हवी होती. अप्पांनी आपल्या तोंडानं भाऊंना सांगावं की बालाजीनं गोळी खाल्ली नव्हती. किडनीचं मी दुसऱ्या नंबरला ठेवलं.

मोजून पाणी

दिवसाआड सकाळी चार तास मशीन. मानेत नळी. अंगातलं रक्त पारदर्शक नळीतून जाताना दिसायचं, मी ते बघणं टाळायचो. किडनी बंद असताना शरीरातलं पाणी बाहेर जात नाही, म्हणून दिवसाला अर्धा लिटरच प्यायचं, औषधाच्या घोटांसह. मायला हे पटेना. पाण्याविना पोरगं पडलं आणि इथेही पाणी देत नाहीत, म्हणून ती नर्सशी भांडली. मग तिनंच मोजायला सुरुवात केली. औषधाच्या बाटलीच्या टोपणानं, तासाला किती टोपणं ते ठरवून. तहानेनं जीभ टाळूला चिकटायची. कर्नाटकातल्या एक सिस्टर होत्या, त्या ड्यूटीवर असल्या की बर्फाचा हरभऱ्याएवढा खडा कापसात धरून ओठांवर फिरवायच्या आणि हे पाण्याच्या तक्त्यात लिहायचं नाही म्हणायच्या. मी आज लिहितो आहे. त्या रागावणार नाहीत.

मशीनवर चार तास डोक्यात दुसरं काही नसायचं. अप्पांच्या दुकानाच्या शटरवर काय लिहायचं. दूध संस्थेच्या वार्षिक सभेत उभं राहून काय बोलायचं, पहिलं वाक्य कोणतं, ते रडकुंडीला आले की थांबायचं की नाही. मी थांबत नव्हतो. आजारपणावर लिहिणारे लोक लिहितात की क्षमेनं बरं वाटतं. माझा अनुभव तसा नाही. मला उठून बसवलं ते रागानं. जेवण जात नसताना मी खाल्लं, कारण सभेत उभं राहायला पायात ताकद लागणार होती.

शेजारच्या मशीनवर मांजरसुंब्याचे गफूरचाचा असायचे. हायवेला पंक्चर काढायचं दुकान. ते तीन वर्षांपासून मशीनवर होते आणि कायमचेच होते. मी त्यांना सगळं सांगितलं, सभेतलं भाषणसुद्धा म्हणून दाखवलं.

"भाषण लई झकास हाय बे," ते म्हणाले. "पन आधी मूत. मग घे बदला."

अठराव्या दिवशी बाटलीत चाळीस मिली लघवी आली. सिस्टरनी बाटली उजेडात धरून मायला दाखवली, आणि माय भर वॉर्डात त्यांच्या गळ्यात पडली. चाचांना कळलं तेव्हा ते म्हणाले की तुझ्या तालुक्यात टँकर सुरू झाला. दुसऱ्या दिवशी दीडशे, मग सातशे, मग इतकी की सलाइन लावून ती भरून काढावी लागली. चाचा रोज आकडा विचारायचे. त्यांची स्वतःची बाटली तीन वर्षं कोरडी होती. मला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी त्यांनी मला मिठी मारली नाही. तोंड फिरवून पडून राहिले. ते मला बरोबर वाटलं.

मॅडमनी सांगितलं की किडन्या चालतील, पण पूर्वीसारख्या नाहीत. लांब पळायचं आता कधीच नाही.

पुन्हा तीच खोली

घरी आलो तर भाऊ माझ्याशी नीट बोलत होते, चांगलं वागत होते, आणि डोळ्यात बघत नव्हते. डॉक्टरांचे कागद मी वाचून दाखवले. ते म्हणाले, जाऊ दे, झालं ते झालं, तरुणपणी चूक होते. ही माफी मला शिवीपेक्षा जास्त लागली.

तीन महिन्यांनी मी खोलीचं कुलूप काढलं. किल्ली भाऊंकडेच असायची, आणि खोलीवरून भांडायचं तर अप्पांना खिडकीचंही बोलावं लागलं असतं. लोक म्हणतात, बालाजीनं स्वतः भोगलं म्हणून दुसऱ्यांसाठी खोली उघडली. ते खरं नाही. अप्पांकडचे उरलेले सहाजण एकेक करून फोडायचे, एवढ्यासाठी मी ती उघडली.

पण फोडायचे तर खोली अप्पांच्या वेळेपेक्षा चांगली पाहिजे. खिडकीतली तरटं उपसली. समोरच्या भिंतीला दुसरी खिडकी पाडली, म्हणजे वारा आरपार जातो. पत्र्याला वरून चुन्याचे दोन हात दिले, खालून कडब्याचे तट्टे बांधले. एक पंखा आत हवा घेणारा, एक बाहेर फेकणारा. लाइट गेली की ट्रेडमिल बंद आणि सराव पण बंद. आत भिंतीवर तापमापक, ठरलेल्या आकड्याच्या वर गेला तर कुणी कितीही विनवू दे, दार लावायचं. काटा तिथेच ठेवला, नियम उलटा केला. वजन जेवढं उतरेल तेवढं पाणी, मीठ-साखर-लिंबू घालून, हळूहळू पिऊन भरल्याशिवाय घरी जायचं नाही. प्रत्येकानं आपली दोन लिटरची बाटली घरून आणायची. बाटली नाही तर आत प्रवेश नाही. संडासाच्या दारावर पाटोद्याच्या बोर्ड रंगवणाऱ्या पेंटरकडून पाच पट्टे काढून घेतले, फिक्क्या पिवळ्यापासून चहाच्या रंगापर्यंत. शेवटच्या पट्ट्याखाली लिहिलं, "इथे आलात तर सरळ दवाखाना." पेंटरनं विचारलं की पुढे दवाखान्याचं नाव काय टाकू. त्याला वाटलं जाहिरात आहे.

पहिले दोघे लाजत आले. मग तिघे एकत्र आले. प्रत्येक जण आला की मी मनात म्हणायचो, अप्पा, एक गेला. मग शिवानी आली. ती अप्पांची नात, वय वीस, आमच्या सगळ्यांत चांगली पळणारी. ती दारात बाटली घेऊन उभी राहिली तेव्हा मला जो आनंद झाला तो चांगल्या माणसाला होणारा नव्हता.

मी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, मी गोळी खाल्ली नव्हती हे घरी माहीत आहे का. ती बूट बांधता बांधता बोलली. अप्पांना सगळं माहीत होतं. खिडकी आपण बुजवायला लावली हे कळलं तर लोक दारात उभं करणार नाहीत, म्हणून गोळीचं सांगितलं, हे त्यांनी घरात, देवासमोर बसून आजीला सांगितलं होतं. तिनं ते ऐकलं होतं.

मी म्हणालो, चल आणि हे भाऊंना सांग. भिंतीपलीकडे आहेत.

"मी पळायला आले भैय्या, साक्ष द्यायला न्हाई," ती म्हणाली. "माझा आजा हाय तो. तुमचं भांडण तुमी मिटवा." आणि ट्रेडमिलवर चढली.

चार महिन्यांनी बीडला दहा किलोमीटरची शर्यत होती. शिवानी पहिली आली. अप्पा तिथे होते, दोरीच्या पलीकडे, पांढऱ्या टोपीत. ती रेषा ओलांडून आली तेव्हा मी त्यांच्या समोर, त्यांना नीट दिसेल असा उभा राहून, तिच्या हातात बाटली दिली. ती गटागटा प्यायली. मशीनवर पडल्या पडल्या मी जे भाषण रचलं होतं त्यापेक्षा हे मोठं होतं. अप्पांनी बाटलीकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे.

"पाय बरे पडतात तिचे," एवढंच म्हणाले.

मी जिंकलो होतो. आणि तेवढ्यात माझ्या मागून भाऊ पुढे आले. अप्पांच्या पायांना हात लावला आणि म्हणाले, "अप्पा, पोराला माफ केलं ना तुमी?"

अप्पांनी भाऊंच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्याकडे बघत, मान हलवून हो म्हणाले.

त्याच आठवड्यात मी त्यांना पत्र पाठवलं. दुकान आमच्या घरापासून दोनशे पावलांवर आहे. तरी मी ते पोस्टानं पाठवलं. समोर गेलो असतो तर माझ्या हातांनी आपोआप त्यांचे पाय धरले असते, आणि ते मला करायचं नव्हतं. पत्र असं होतं.

*अप्पा,*

*तुम्ही मला बूट दिले, शाळा दिली, पळायला शिकवलं. ते मी कुणासमोरही नाकारत नाही. तुम्ही नसता तर मी आज ऊसतोडीच्या कोपीत असतो. हे पत्र लिहिता येतं, तेही तुमच्यामुळे.*

*मी गोळी खाल्ली नव्हती. तुम्हाला ते माहीत आहे आणि तुम्हाला माहीत आहे हे मला माहीत आहे. कुणाकडून कळलं ते विचारू नका आणि घरात कुणावर रागावू नका.*

*तुमची सगळी पोरं आता माझ्याकडे आहेत. ती मी चिडून घेतली. परत देणार नाही. ती पाणी पितात आणि तुमच्या वेळेपेक्षा जोरात पळतात. एवढं मला पुरेल असं वाटलं होतं, पण शर्यतीच्या दिवशी पुरलं नाही.*

*वार्षिक सभेत मी बोलणार नाही. शटरवर काही लिहिणार नाही. तुम्हाला गावासमोर उभं करणार नाही. भाऊंनी तुमच्या दुकानात हात जोडले. तुम्ही आमच्या ओट्यावर येऊन त्यांना एक वाक्य सांगायचं. उन्हाचं, खिडकीचं, पाण्याचं, कसंही सांगा. "बालाजीनं काही खाल्लं नव्हतं," एवढे शब्द त्यात पाहिजेत.*

*तुम्ही आला नाहीत तर मी काय करीन, असं तुमच्या मनात येईल. काही करणार नाही. रोज सकाळी तुमच्या दुकानावरून शिवानीला पळवत नेईन आणि तुमच्याकडे बघेन. जेवढी वर्षं तुम्ही आहात तेवढी वर्षं.*

*भाऊ सकाळी आठपर्यंत घरीच असतात. माय चहा करील. मी खोलीत असेन, बाहेर येणार नाही.*

*तुम्हाला लिहिलेल्या प्रत्येक पत्रात मी वर तीर्थरूप आणि खाली शिरसाष्टांग नमस्कार लिहीत आलो. या पत्रात ते नाही. विसरलो नाही.*

*बालाजी*